वाचलेलं पेपरात आठवत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

"वाचलं तर सारंच होतं, पण पेपरात आठवूनच नाही राहिलं." टेस्ट सिरीजचा निकाल लागला की नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य ऐकू येतं. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे तेच पुस्तक चौथ्यांदा वाचायला काढणं. बहुतेकांचा इथेच घोटाळा होतो. 'आठवत नाही' हे तापासारखं लक्षण आहे आणि त्यामागचे आजार वेगवेगळे असतात. माहिती आत गेलीच नसेल, तर उजळणीचा उपयोग नाही. आत गेली आहे पण बाहेर येत नसेल, तर वाचनाचा उपयोग नाही. म्हणून आधी तपासणी करायची, औषध मग.

तीन पेनांची तपासणी

काल वाचलेलं एक प्रकरण निवडा. आज वाचलेलं चालणार नाही, ते अजून ताजं असतं आणि फसवतं. पुस्तक बंद ठेवून कोऱ्या कागदावर निळ्या पेनने दहा मिनिटं आठवेल ते लिहा. क्रम चुकला, वाक्यं तुटकी आली, तरी चालेल. दहा मिनिटं झाली की प्रकरणातली फक्त शीर्षकं बघा आणि त्यांच्या आधाराने आणखी जे सुचेल ते हिरव्या पेनने लिहा. मग त्याच प्रकरणावरचे वीस बहुपर्यायी प्रश्न सोडवा. शेवटी पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले मुद्दे लाल पेनने भरा. सगळं मिळून पाऊण तास लागतो.

आता कागदाचा रंग बघा. निळं थोडं आणि हिरवं भरपूर असेल, तर माहिती आत आहे, ती बाहेर काढायची सवय नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्यांत हाच प्रकार सर्वांत जास्त. निळं-हिरवं दोन्ही कमी आणि प्रश्नही चुकले, तर ती आत गेलेलीच नाही. कागद बरा दिसतो पण प्रश्न सोडवताना दर वेळी दोन पर्यायांवर गाडी अडते, तर ती गल्लत आहे. आणि कालच्या प्रकरणाचा कागद निळाशार, पण महिन्यापूर्वीच्या प्रकरणावर हीच तपासणी केली की कोरा, तर दोष उजळणीच्या वेळापत्रकाचा.

निळं कमी, हिरवं जास्त: आत आहे, बाहेर येत नाही

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं. या ओळखीलाच आपण 'पाठ झालं' असं समजतो. पण समोरून आलेल्या माणसाचा चेहरा ओळखणं वेगळं आणि तो समोर नसताना त्याचं नाव आठवणं वेगळं. पेपरात दुसरं लागतं आणि आपण सराव पहिल्याचा करत बसतो. हायलायटरचंही तेच. रंगवलेली ओळ पुढच्या वेळी लवकर ओळखीची वाटते, एवढाच फरक पडतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा एक सरळ प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६. पुन्हा पुन्हा वाचण्याची खोड सुटत का नाही, ते त्या पहिल्या आकड्यात आहे. रात्री वाचून रात्रीच स्वतःला तपासलं, तर वाचन खरोखरच जिंकतं.

उपाय असा. पन्नास मिनिटांच्या बैठकीत वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, पंधरा मिनिटं न बघता लिहा, दहा मिनिटं पुस्तकाशी ताडून लाल पेनने दुरुस्त करा, पाच मिनिटं उठून फिरा. दुसऱ्या वाचनापासून उलटा क्रम: आधी लिहायचं, मग फक्त लाल झालेला भाग वाचायचा.

यात तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, आठवलं नाही की दोन सेकंदांत पुस्तकात डोकावणं. पंधरा-वीस सेकंद अडून बघा, तो ताण हाच व्यायाम आहे. पण पाच मिनिटं छताकडे बघत बसण्यातही अर्थ नाही. दुसरी, मनातल्या मनात 'हं, हे येतं' म्हणून पुढे जाणं. उत्तर कागदावर किंवा तोंडातून बाहेर पडलं नाही, तर ते येत नाही असं धरा. तिसरी गडबड सर्वांत महाग: ताडून न बघणं. चुकीचं आठवून ते तसंच सोडलं, तर पुढच्या वेळी तीच चूक जास्त आत्मविश्वासाने येते. (अभ्यासिकेत बोलायची बंदी असते, त्यामुळे तिथे लेखी आणि संध्याकाळी गच्चीवर तोंडी, अशी वाटणी सोयीची पडते. मोठ्याने म्हटलेलं मनात वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं.)

आपल्याकडे हे तंत्र जुनंच आहे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पुस्तक न बघता, रोज, मोठ्याने. मात्र तिच्यात एक खोट आहे आणि ती आजच्या पाठांतरातही जशीच्या तशी सापडते. 'सात आठे किती?' असं अचानक विचारलं की पुष्कळ जण 'सात एके सात'पासून पळत येतात. प्रत्येक ओळीला आठवण करून देणारी खूण म्हणजे आधीची ओळ, म्हणून मधूनच आत शिरताच येत नाही. घटनेच्या अनुसूची किंवा आवर्तसारणीतली मूलद्रव्यं ओळीने म्हणणाऱ्यांचं हेच होतं. ओळीने म्हणता आलं की त्याच दिवशी क्रम मोडा. चिठ्ठ्या करून पिसा, उलट्या बाजूने विचारा: 'छप्पन्न कशाकशाचे?'

निळं-हिरवं दोन्ही कमी: आत गेलंच नाही

एका वेळी मनात धरता येणाऱ्या सुट्या गोष्टी फार थोड्या, साधारण चार. त्यामुळे वीस सुटे मुद्दे असलेलं पान वाचताना पाचवा मुद्दा आत येतो आणि पहिला बाहेर पडतो. मुद्दे एकमेकांना बांधले की वीसाचे चार गठ्ठे होतात. बांधायची दोरी म्हणजे 'का?' हा प्रश्न.

टाटांनी नागपुरात काढलेल्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीचं उदाहरण घ्या. '१ जानेवारी १८७७' ही ती सुरू झाल्याची तारीख नुसती घोकली तर आठवड्यात जाते. का? विचारा. एम्प्रेस का? कारण त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. गिरणी नागपुरात का? कारण कापूस इथला, आणि भुसावळकडून येणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचलेली. आता १८६७, १८७७, कापूस, दरबार, टाटांची गिरणी हे पाच सुटे तुकडे राहिले नाहीत, एक गोष्ट झाली. एक टोक ओढलं की बाकीचं येतं. रेल्वे आणि गिरणी यांत बरोबर दहा वर्षं, हा एक जादा धागा.

प्रत्येक परिच्छेदाला एक 'का' विचारा आणि उत्तर एका ओळीत समासात लिहा. उत्तर लिहिता आलं नाही, तर तो परिच्छेद समजलेला नाही. तिथे पाठांतर थांबवा, आधी समजून घ्या. भौतिकशास्त्राची सूत्रं विसरणाऱ्या बारावीच्या मुलांचं दुखणं पुष्कळदा हेच असतं. सिद्धता एकदा हाताने केली की निम्मी सूत्रं पाठ करावीच लागत नाहीत.

दोन पर्यायांवर गाडी अडते: गल्लत

सारख्या दिसणाऱ्या गोष्टी लागोपाठ, एकाच दिवशी, एकाच सुरात पाठ केल्या की त्या एकमेकींत मिसळतात. घटनादुरुस्त्या, कलमं, आयोगांची सालं हे याचे ठरलेले बळी. इथे सुटी उजळणी वाढवली तर गल्लत आणखी पक्की होते. भांडणारी जोडी शेजारी शेजारी बसवून फरकाच्या जागेवर बोट ठेवावं लागतं.

रजिस्टरच्या मागची दहा पानं 'गल्लत वही' म्हणून राखा. पानावर उभी रेघ मारा, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, आणि खाली फक्त फरकाची एक ओळ. ४२वी घटनादुरुस्ती १९७६ ची, तिने मूलभूत कर्तव्यं आणली. ४४वी १९७८ ची, तिने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला. खालची ओळ: 'बेचाळिसाने दिलं, चव्वेचाळिसाने नेलं.' ओळ गावंढळ असली तरी चालेल, उलट चांगलंच. विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेण्याचा नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा आणि राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. इथे वर्ष एकच, म्हणून फरकाची ओळ क्रमाची: 'आधी करार, मग आयोग.' टेस्ट सिरीजमध्ये ज्या ज्या प्रश्नाला दोन पर्यायांवर अडलात, ती जोडी त्याच संध्याकाळी या वहीत गेली पाहिजे, प्रश्न बरोबर आला असला तरी.

लांब यादी: अर्धी आठवते, अर्धी गळते

सहा-सात नावांची यादी असेल तर गठ्ठे पुरतात. महाराष्ट्रातले सहा व्याघ्र प्रकल्प एक-एक-चार असे धरा: सह्याद्री एकटा पश्चिमेला, मेळघाट अमरावती विभागात, आणि नागपूर विभागात चार, म्हणजे पेंच, बोर, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा. गठ्ठ्यात किती आहेत तो आकडा पाठ असला की एक गळाला हे लगेच कळतं.

यादी दहाच्या पुढे गेली आणि क्रमही हवा असेल, तर ओळखीच्या रस्त्याचा उपयोग करा. प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते भाषणाचे मुद्दे असेच एखाद्या वास्तूच्या खोल्यांत मांडून ठेवत. नागपूरकराला त्यासाठी वाडा लागत नाही, मेट्रो आहे. ॲक्वा लाइनवर सीताबर्डीपासून लोकमान्य नगरपर्यंत अकरा स्टेशनं आहेत, आणि घटनेच्या कलम ५१क मधली मूलभूत कर्तव्यंही अकराच. एकेका स्टेशनवर एकेक कर्तव्य बसवायचं.

सीताबर्डी: वर किल्ला, किल्ल्यावर फडकता तिरंगा, म्हणजे संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर. झाशी राणी चौक: घोड्यावरची राणी, स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स: देशाच्या नकाशाला तडा गेलाय आणि इंजिनिअर घमेलं घेऊन तो सिमेंटने सांधतायत, म्हणजे सार्वभौमत्व, एकता, एकात्मता. शंकरनगर: त्रिशूळ रोवून सीमेवर उभा शंकर, देशाचं रक्षण. एलएडी चौक: महिला महाविद्यालय, म्हणजे बंधुभाव आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं. धरमपेठ कॉलेज: गेटवर आजोबांची जुनी ट्रंक उघडली आहे आणि प्रत्येक पोरगा तिच्यातून वेगळ्या प्रांताची पगडी उचलतोय, म्हणजे संमिश्र संस्कृतीचा वारसा. सुभाषनगर: अंबाझरी तलाव जवळ, म्हणजे वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव. रचना रिंग रोड जंक्शन: भर चौकात टेबल मांडून अणूची रचना जोडणारी मुलगी, म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी. वासुदेव नगर: मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव शहर बसच्या आडवा उभा, दगड उचललेल्यांना चिपळ्या दाखवून थांबवतोय, म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण आणि हिंसेचा त्याग. बन्सी नगर: एकच सूर निर्दोष येईपर्यंत बासरी घासणारा, उत्कृष्टतेचा ध्यास. लोकमान्य नगर: पगडीवाले टिळक सहा वर्षांच्या पोराचं बोट धरून शाळेत निघालेत, म्हणजे ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी. हे अकरावं कर्तव्य २००२ मध्ये ८६व्या दुरुस्तीने आलं. सगळ्यात शेवटी जोडलेलं, म्हणून शेवटच्या स्टेशनवर.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतील. मग लोकमान्य नगरहून उलटं या, मग मधूनच विचारा: 'सातवं कोणतं?' इथे बिघडतं ते असं. चित्र सपक असलं की राहत नाही, त्यात हालचाल आणि थोडा वेडेपणा हवा. एकाच रस्त्यावर त्याच आठवड्यात दुसरी यादी बसवली की वासुदेवाच्या बाजूला भलतंच कुणी उभं दिसतं, म्हणून दुसऱ्या यादीला दुसरा मार्ग घ्या, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक किंवा स्वतःचं घर. आणि ही खुंटी फक्त क्रम आणि विषय धरते. कर्तव्याचा मजकूर वेगळा शिकावा लागतोच.

काल निळं, महिन्याने कोरं: वेळापत्रक

अभ्यासिकांच्या भिंतीवर 'एका दिवसात ७० टक्के विसरतो' अशा तऱ्हेचे तक्ते लावलेले असतात. मूळ काम हर्मान एबिंगहाउसचं, १८८५ सालचं, आणि ते त्याने स्वतःवर, निरर्थक अक्षरगटांवर केलेलं. पुन्हा शिकताना किती कष्ट कमी पडतात ते त्याने मोजलं: वीस मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४, महिन्याने २१. समजून वाचलेलं प्रकरण एवढ्या वेगाने जात नाही. तेव्हा तक्ता बघून घाबरू नका, पण उताराचा आकार ध्यानात ठेवा: आधी तीव्र, मग सपाट. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांबत जाणाऱ्या.

ढोबळ हिशेब असा की परीक्षा जितकी दूर, त्याच्या दहा ते वीस टक्के अंतर दोन उजळण्यांत ठेवावं. आठवड्यावर असेल तर साधारण एक दिवस, तीन महिन्यांवर असेल तर दहा-पंधरा दिवस. रोजच्या वापराला १, ३, ७, १६, ३५ दिवस हा क्रम बरा.

उजळणीच्या कार्डांसाठी (पुढे प्रश्न, मागे उत्तर) ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा आणि बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याने पाच कप्पे पाडा, वरच्या प्रत्येक अंतराला एक. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली मांडलेली ही पद्धत आहे. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मोबाइलवर अँकी हे ॲप हेच काम करतं, फक्त तो मोबाइल हातात आल्यावर अँकीच उघडलं जाईल याची हमी हवी.

पंधरा दिवसांत खोकं माळ्यावर जातं, त्याची कारणं दोन. एक, कार्ड जाडजूड. 'नागपूर कराराची माहिती लिहा' हे कार्ड नव्हे, निबंध आहे. त्याची तीन करा: करार कधी झाला? त्यामुळे विधिमंडळाचं दरवर्षी कुठे अधिवेशन ठरलं? उच्च न्यायालयाबाबत नागपूरला काय मिळालं? एका कार्डाला एकच उत्तर, आठ सेकंदांत देता येईल असं. दुसरं कारण हिशेब न करणं. रोज १५ नवी कार्डं आणि प्रत्येकाच्या पाच उजळण्या, म्हणजे काही आठवड्यांनी रोज ७५, चुकलेली धरून शंभराच्या आसपास. आठ सेकंदांनी तेरा-चौदा मिनिटं, सहज झेपतात. पहिल्या आठवड्याच्या उत्साहात रोज ५० केली तर तोच आकडा सव्वातीनशेवर जातो, पाऊण तास नुसती कार्डं, वर नवी बनवायचा वेळ वेगळा. लग्नकार्यात चार दिवस बुडाले की ढीग बघूनच माणूस खोकं बंद करतो. तसं झालंच तर नवी कार्डं पूर्ण थांबवा, रोज शंभर या बेताने थकबाकी उपसा, मगच नवी सुरू करा.

सगळं करूनही पेपरात कोरं होत असेल

घरी येतं आणि हॉलमध्ये जात असेल, तर सराव आणि परीक्षा यांची परिस्थिती जुळत नाही. आठवड्यातून एकदा पेपरच्याच वेळेला, लाकडी बाकावर, घड्याळ लावून, पाणी-मोबाइलला हात न लावता पूर्ण पेपर सोडवा. हॉलमध्ये पेपर सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं कच्च्या कामाच्या जागेत गल्लत वहीतल्या चार-पाच ओळी उतरवून घ्या. एखाद्या प्रश्नावर वीस सेकंद कोरं वाटलं की खूण करून पुढे जा. पुढचाच एखादा प्रश्न त्याची आठवण करून देतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी एक ते चार नवं पाठांतर करू नका, कूलर कितीही ओला असला तरी. तो वेळ प्रश्नसंच सोडवायला द्या आणि नवं सगळं पहाटे पाच ते नऊमध्ये बसवा. पण पहाटे उठायचं म्हणून झोप कापायची नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, म्हणून रात्रभर उघड्या अभ्यासिकेत दोनपर्यंत बसून पाचला उठणाऱ्याचा कागद दुसऱ्या दिवशी हिरवा-लालच निघतो. दहा-साडेदहाला आडवं व्हा, झोपण्याआधीची पंधरा मिनिटं फक्त पहिल्या कप्प्यातली कार्डं बघा, आणि सकाळी उठल्यावर पुस्तक उघडण्याआधी तीच निळ्या पेनने लिहा.